समुद्राचं समुद्राला

शहिस्ताला स्वच्छतेचं भारी वेड, आणि तेच तिला नडलं. मळवलीच्या ज्या बंगल्याची ती राखण करायची, तिथल्या दिवाणखान्यात शेठनी खाऱ्या पाण्यातल्या माशांची मोठी टाकी ठेवली होती. दिवाळीपासून तिच्या काचेवर आणि दगडांवर पांढऱ्या, वाकड्यातिकड्या नळ्या उगवू लागल्या, शेवयांएवढ्या जाड. दर पंधरवड्याला शहिस्ता त्या नळ्या सुरीने खरवडायची, आणि पुढच्या खेपेला त्या दुप्पट झालेल्या असायच्या. तिला वाटे, आपलाच हात कमी पडतोय.

टाकीसाठी खारं पाणी तिचा भाऊ याह्या टेम्पोतून आणायचा, पेणपलीकडच्या त्यांच्या माहेरच्या खाडीतलं. जुनं पाणी खरवडीसकट कॅनमध्ये भरून तोच परत न्यायचा. पहिल्या वेळी तिने ते कुंपणाशी ओतलं होतं, तर शेजारचे मारुतीभाऊ बांधावर येऊन उभे राहिले. "आमच्या खाचरात मीठ मुरलं तर भात पिकंल का गं, पोरी?" ती ओशाळली. तेव्हापासून समुद्राचं समुद्राला, असा तिने नेमच केला.

त्या दिवशी सकाळी याह्या सहा कॅन घेऊन निघून गेला, आणि अर्ध्या तासाने लोणावळ्याचा निलेश टाकीचा बंद पडलेला पंप बघायला आला. पंपाचं तोंड नळ्यांनी पार बुजलं होतं. शहिस्ताने लगबगीने सुरी आणली, तसा त्याने तिचा हात अडवला.

"ताई, हे खरवडायचं नसतं. नळी फुटली की आतला किडा मरता मरता सगळी अंडी सोडून देतो."

मग त्याने सांगितलं ते असं. हा किडा इथला नव्हे, जहाजांच्या बुडाला चिकटून परमुलखातून आलेला. टाकीत तो विकतच्या दगडांवरून शिरला असणार. लाल पंख्यासारखी पिसं बाहेर काढून पाण्यातलं खाणं गाळतो, चाहूल लागली की आत जाऊन झाकण लावतो. पिल्लं काही दिवस पाण्यात पोहतात, मग मिळेल त्या टणक जागी बसतात, दगडावर, शिंपल्यावर, एकमेकांच्या पाठीवर. गोड्या पाण्यात किंवा कडक उन्हातच तो मरतो. समुद्रात सुटला तर मात्र ज्यांच्यावर बसतो त्या कालवांना उपाशी मारतो.

कालवं! शहिस्ताची आई अकबरी ओहोटीला खडकावर बसून कोयत्याने कालवं फोडते, त्यावरच ही दोघं भावंडं वाढली, अजूनही आईची चूल त्यावरच पेटते. टेम्पोतल्या त्या कॅनमध्ये काय होतं, ते आता तिला कळलं.

तिने याह्याला फोन लावला. घाटात रेंज नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा. तासाभराने याह्याने उचलला. पेणला चहा घेत होता, कॅन टेम्पोतच होते. खाडीत थेंबही टाकू नकोस, असं तिने त्याला अल्लाची शपथ घालून सांगितलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण तेवढ्यापुरताच. दिवाळीपासून पंधरवड्याला सहा कॅन त्या खाडीत गेले होते, तिच्याच सांगण्यावरून. करायला गेले काय आणि वरती झाले पाय. भीत भीत तिने आईला फोन केला. खडकांवर पांढऱ्या नळ्या दिसतात का, एवढंच विचारलं.

"दिसतात ना," अकबरी म्हणाली. "शाबान महिन्याच्या आधीपासून आल्यात. कालवांची तोंडंच बुजवली त्यांनी. पण तू कशाला घाबरतेस? आज सकाळपासून बसून सगळा खडक कोयत्याने खरवडला. लख्ख केला. खरवड ढकलली पाण्यात."

आई कौतुकाने हसत होती, लेकीला हे वेड कुणाकडून आलं ते सांगत होती. भरती लागली होती. फोनमध्ये तिच्या बोलण्यामागे खडकावर चढणारं पाणी ऐकू येत होतं.