चोरखिशातली उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखाली घेतात ती नव्हे. मी तळहाताएवढी, एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं सपाट. चांगुणाबाईच्या झंपराला आतून एक चोरखिसा शिवलाय, डाव्या अंगाला. आजवर तिथं माझा मुक्काम.

चांगुणाबाई आष्टीची. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. बांधावरून हाक मारली की दोन वावरांपलीकडच्या बाया मान वर करायच्या. १९९७ च्या उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर आहे, डावा स्तन काढावा लागेल.

"जीव वाचंल का?" तिनं विचारलं.

"वेळेत आलात. आशा मोठी आहे."

तिनं कागदावर अंगठा उठवला.

जीव वाचला. पण घरी आली ती बाई निराळीच होती. हे मला नंतर बेबीनंदाकडून कळलं. बेबीनंदा तिच्या नवऱ्याची भाची, गावातच दिलेली, घरी शिलाई करणारी. ती सांगायची, मामी भर उकाड्यात पदर गच्च लपेटून बसायची. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की डोकं दुखायचं. नवरा समोर आला की भिंतीकडं तोंड करायची. टोळीतल्या बाया विचारायला आल्या, तर आतूनच म्हणाली, "दुसरी मुकादम बघा."

एका दुपारी बेबीनंदा टेप घेऊन गेली. "मामी, माप द्या."

"कशाचं माप? राह्यलंय काय?"

"राह्यलंय त्याचंच द्या. त्याच्या जोडीची करते."

असा माझा जन्म झाला. मऊ झालेल्या जुन्या धोतराचं कापड, आत सरकी काढलेला कापूस. पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी इतकी हलकी, की चांगुणाबाई चार पावलं चालली आणि मी सरकत सरकत खांद्याला लागले. तिनं मला उपसून बाजेवर भिरकावलं. "हे सोंग नको मला!"

रखमाजी, तिचा नवरा, ओसरीत दोर वळत होता. मोजकंच बोलणारा माणूस. त्यानं मला उचललं, हातावर तोलून पाह्यलं.

"आगं, हलकी हाये ही. आत मोहरी भर. वजन बराबर येईल, मंग जागची हलायची न्हाई."

चांगुणाबाई बघतच राहिली. "तुमाला काय ठावं, हलती म्हणून?"

"बघून राह्यलो ना मी. तू तोंड फिरवती, म्हणून काय मी डोळे मिटून बसू?"

बोलला आणि स्वतःच लाजला. दोर तिथंच टाकून बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. त्याच्या पाठीकडं बघत चांगुणाबाई हसली. मी ऐकलेलं तिचं ते पहिलं हसू.

माझ्यात मोहरी आली, मला वजन आलं. तिचा डावा हात मात्र खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती रोज भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची. दुखलं की शिव्या द्यायची, कधी भिंतीला, कधी मला. दिवाळीनंतर पहिल्या वेचणीला ती शेतात उभी राहिली. बायांची एक खोड मला तिथं कळली. कुणी तिच्या तोंडाकडं बघेना. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

चांगुणाबाईनं कमरेवर हात ठेवले. "बघून झालं का? डावी बाजू कापडाची हाये. हात माझेच हायेत. चला, धरा वळी!"

 एकजण खुदकन हसली आणि टोळी कामाला लागली.

चार वर्षं गेली. एके दिवशी कापडदुकानदार शांतिलालशेठची बायको राजकुमारी हिनं चांगुणाबाईला घरी बोलावलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. 

"चांगुणाबाई, मला पण गाठ आहे. चार महिने झाले. कुणाला बोलले नाही."

"का वो, शेठाणी?"

"कापतील ना. मग मी बाई राहीन का? शेठजीसमोर कशी उभी राहू?"

 चांगुणाबाईनं मला चोरखिशातून काढून राजकुमारीच्या ओंजळीत ठेवलं आणि झंपराची बटनं सोडली. बगलेपासून छातीच्या मधापर्यंत गेलेला तो व्रण मी रोज पाहत होते. परक्या बाईला तो तिनं पहिल्यांदाच दाखवला.

"हात लावा."

राजकुमारीनं घाबरत बोट टेकवलं. "दुखतं?"

"ढगाळ हवेत जरा ताणतं."

"बस? इतकंच?"

"आंगाला इतकंच. मन लई दुखतं, खोटं कशाला सांगू? सहा महिने रडले मी. पण जित्ती होते, म्हणून रडले. तुमी जल्दी करा. उद्याच्या गाडीनं जाऊ, मी संगं येते. आन् शेठजीला आत्ताच सांगा."

शेठजींना सांगितलं. ते आधी खाली बसले, मग उठून पिशवी भरायला लागले. तिघं औरंगाबादला गेली. चार महिने वाया गेले होते, त्यामुळे राजकुमारीला औषधं जास्त लागली, केस गेले. पण ती परत आली. आज ती गल्ल्यामागं बसून गिऱ्हाइकाशी घासाघीस करते.

तिनं उशी मागितली. मग परतूरहून एक मास्तरीण आली, अंबडहून दोघी आल्या. बेबीनंदाला आता नमुना हवा होता.

"मामी, हिला उसवू का? कागदावर उतरवून घेते."

"उसव. घरात मी आता बिगरउशीचीच असते. बाहेर जायला लागली तर नवी शिव."

म्हणून आज मी अशी पडलेय. मोहरी ताटात, कापूस टोपलीत, आणि मी दोन तुकडे होऊन वर्तमानपत्रावर. बेबीनंदाची पेन्सिल माझ्या कडेकडेनं फिरतेय, गुदगुल्या होताहेत. जायच्या आधी तुम्हाला एवढंच सांगते बायांनो, छातीत हाताला गाठ लागली तर पदराखाली झाकून बसू नका. चांगुणाबाईकडं या, ती तुमच्याबरोबर गाडीत बसेल.

हे बघा, ओसरीतून तिचीच हाक आली. दोन वावरांपलीकडं जाईल अशी.

"बेबे, एकच माप काढू नको गं! ल्हान काढ, मोठं काढ. बाया काय साऱ्या सारख्या असत्यात व्हय?"