पेनांगचा एक तास

मित्रांनो, मी एक जुने, चावीचे मनगटी घड्याळ आहे. मेदानच्या बाजारात तियोरिनाने मला निवडले आणि होणाऱ्या नवऱ्याच्या, हासुदुंगानच्या, मनगटावर बांधले. तो सिबोल्गाची बस चालवायचा. साडेतीनशे किलोमीटर, दहा तास. प्रवासी मला बघून आपापली घड्याळे लावत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे! रोज सकाळी तियोरिना मला चावी द्यायची. पुढे त्याची नोकरी संपली, घरात मोबाइल आला आणि मी कपाटात पडून राहिले.

मग तियोरिनाच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. मेदानची माणसे अशा दुखण्यांना समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशातल्या पेनांगलाच जातात. मुलगी दोर्मा सोबत निघाली. अंतर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. विमानाच्या तिकिटावर दहाला निघणे आणि बाराला पाच कमी असताना पोहोचणे लिहिले होते. म्हणजे दोन तास, असा हासुदुंगानने हिशेब केला. बसच्या मानाने त्याला तेही थोडेच वाटले. निघताना तियोरिनाने मला बाहेर काढून चावी दिली.

"दोर्माचे बाबा, मी येईपर्यंत ह्याला बंद पडू देऊ नका."

ऑपरेशनच्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात मला समोर ठेवून बसला. नऊला सुरू होणार, बाराला संपणार, मग दोर्मा फोन करणार. फोन अकरालाच वाजला.

त्याचा चेहरा उतरला. तीन तासांचे काम दोन तासांत थांबले, म्हणजे सगळे संपले, असेच त्याने धरले. त्याने मला कानाशी नेले, हलवले. मीही गोंधळले. माझे काही चुकले का? इतक्या वर्षांत मी त्याला कधी फसवले नव्हते. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

"तुलांग, उचला की. फोन आहे तो, साप नाही," दुकानवाली रोताउली म्हणाली. ती त्याला तुलांग, म्हणजे मामा, म्हणायची.

"माझ्याच्याने ऐकवणार नाही गं."

तिने फोन उचलून त्याच्या कानाला लावला.

"बाबा, होतात कुठे? ऑपरेशन नीट झालं. आई बरी आहे."

"पण आत्ता कुठे अकरा वाजतायत."

"तुमच्याकडे अकरा. इथे बारा झाले. पेनांग तासभर पुढे असतं बाबा. विमानात आम्ही तासभरसुद्धा नव्हतो."

तो टेबलावर डोके टेकून रडला. माझी काच भिजली. मग त्याने माझे काटे तासभर पुढे केले. त्या दिवसापासून तो तिच्या वेळेने जेवायचा, तिच्या वेळेने झोपायचा. रोताउली त्याची थट्टा करायची. मला काहीच कळेना.

पंधरा दिवसांनी तियोरिना परतली. पेनांगहून दहाला निघाली आणि मेदानच्या घड्याळांत दहाला पाच कमी असताना इथे उतरली. निघण्याआधी पोहोचलेले माणूस मी तेव्हा प्रथमच पाहिले. तिने मला पाहिले आणि हसली.

"ह्याचं डोकं फिरलं की काय?"

"नाही. ते इतके दिवस पेनांगला, तुझ्याजवळ होतं."

तिने काटे तासभर मागे घेतले आणि मला चावी दिली. तो तास कुठून आला नि कुठे गेला, मला अजून उमगलेले नाही. पण मित्रांनो, तुमच्या जुन्या घड्याळाला चावी देत जा. आपले माणूस लांब गेले असेल तर त्याच्याकडे किती वाजले तेही विचारत जा. आणि फोन लवकर वाजला, तरी उचला.