तुंबा फुटला तो दिवस

मित्रांनो, मी चिचगडच्या रुख्माबाईचा जुना तुंबा आहे. तुंबा म्हणजे वेलीवरच वाळलेला भोपळा. तिनेच माझे तोंड कापले, आतला कुजलेला गर काढला, वाळू घालून मला खळखळून धुतले आणि गळ्याला दोरी बांधली. आठ उन्हाळे मी जंगलात तिचे पाणी वाहिले. "तुंब्यातलं पानी गोड लागते," असे तिचा नवरा बिसराम चारचौघांत सांगायचा, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

गेल्या मे महिन्यात दोघे तेंदूची पाने तोडायला गेले होते. भर दुपारी बिसरामला ऊन लागले. तो कोलमडला आणि त्याच्या खांद्यावरून मी खडकावर आदळलो. माझे पोट उभे फाटले. होते नव्हते तेवढे पाणी तापलेल्या मातीने पिऊन टाकले.

"अजी, डोरे उघडा ना!" रुख्माबाईने त्याला सावलीत ओढले. तिने हाका मारल्या, पण आसपास कोणीच नव्हते. नाल्यातला डोह शंभर पावलांवर. ती ओंजळ भरून धावत आली, तोवर बोटांच्या फटींतून सारे पाणी गळून गेले. पुन्हा गेली, पुन्हा तेच. मी बाजूला पडून नुसता पाहत होतो.

मग तिने पळसाची दोन रुंद पाने तोडली, एकावर एक ठेवून दुमडली आणि काडीने टोचली. झाला द्रोण!

मित्रांनो, मडके भाजायला शिकण्याच्या कितीतरी आधी, अशाच कोणा तहानलेल्यासाठी माणसाने पान दुमडले असेल, माझ्यासारखे फळ कोरले असेल. ती भांडी केव्हाच कुजून मातीत मिसळली. पण ती युक्ती रुख्माबाईच्या बोटांत अजून जिवंत होती.

सात खेपा झाल्या. तिने त्याचे डोके, छाती भिजवली. सातव्या खेपेला बिसरामने डोळे उघडले.

"मी मेलो का?"

"मेले असते तं बोलून राहिले असते का? हळूहळू प्या."

घरी आल्यावर बिसरामने विचारले, "हा फुटका तुंबा कायले आनला?"

"पानी नाही राहत, बी तं राहील," रुख्माबाई म्हणाली. तिने मला सुतळीने शिवले, शेणमातीने लिंपले आणि माझ्यात लाखोरी या कडधान्याचे बियाणे भरले.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे भांडे गळू लागले, तर फेकण्याआधी एकदा हातात घ्या. त्यात आणखी काय मावेल, ते बघा.