आईचं नाव विचारणारी नर्स

मिनियापोलिसच्या त्या इस्पितळात चौथ्या मजल्यावरच्या निम्म्या पेशंटांचा वाढदिवस एक जानेवारीला यायचा. जन्मतारीख सांगता आली नाही की सोमाली निर्वासितांच्या छावणीतला कारकून खुशाल एक जानेवारी ठोकून द्यायचा. नर्स इफ्राहची स्वतःचीही तीच तारीख होती. नावंही पुन्हा पुन्हा तीच यायची. म्हणून ती प्रत्येक सोमाली पेशंटच्या फायलीवर त्याच्या आईचं नाव लिहून ठेवायची.

"नियम काय? नाव आणि जन्मतारीख," हेडनर्स मार्लिस डाफरायची. "उद्या मावशीचं नाव लिहिशील! पुन्हा दिसलं तर खोडीन."

मंगळवारी सकाळी शमसो अब्दी वारसमे यांना पित्ताशयाच्या ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. स्ट्रेचरवाल्यानं नाव वाचलं, तारीख वाचली. आजी दोन्ही वेळा "हो, हो" म्हणाल्या आणि टुणकन स्ट्रेचरवर चढून बसल्या. मार्लिसनं सही केली.

लिफ्टपाशी इफ्राहला त्यांचा खोकला ऐकू आला. पित्ताशयाच्या पेशंटला कसला एवढा खोकला?

"थांबा! अयेयो, तुमच्या आईचं नाव काय?" तिनं आजींना सोमालीत विचारलं.

"दहाबो."

फायलीवर होतं अंबरो. अंबरोची लेक शमसो समोरच्या खोलीत उपाशीपोटी ऑपरेशनची वाट बघत होती. दहाबोची लेक शमसो आली होती न्युमोनियासाठी. दोघींचं पूर्ण नाव तेच, आणि जन्मतारीख अर्थातच एकच.

मार्लिस धावत आली. "अगं, मग ह्या चढल्या कशाला? विचार ना!"

"नाव पुकारलं की उठायचं, पोरी," आजी इफ्राहला म्हणाल्या. "छावणीत उठलं नाही तर रेशन गेलं. कशाला पुकारलं ते मागाहून बघायचं."

"आणि यांनी पोट फाडलं असतं म्हणजे?" इफ्राहनं विचारलं.

"मला वाटलं, नाश्ता आहे."

इफ्राह खो खो हसली आणि मग तिनं स्वतःच स्ट्रेचर वळवून आजींना खोलीत परत नेलं.

दुपारी मार्लिस स्वतःच आजींच्या खोलीत आली. "आईचं नाव कसं लिहायचं? नीट विचार," ती इफ्राहला म्हणाली. आजींनी नाव सांगितलं आणि त्या थांबेचनात. दहाबो वेण्या किती घट्ट घालायची, उंटांवर कशी खेकसायची, देशातून पळताना कुठल्या विहिरीपाशी मागे राहिली. बोलता बोलता आजी रडायलाच लागल्या.

"काय झालं?" मार्लिस घाबरली.

इफ्राहनं आजींचा हात हातात घेतला. "त्या म्हणतात, देश सोडून तीस वर्षं झाली. तारीख सगळ्यांनी विचारली. आईचं नाव परक्या माणसानं आज पहिल्यांदाच विचारलं."