दोनच घाव

गिरणीचे दगड झिजले की टाकी-हातोडीनं ठोकून त्यांना पुन्हा खरखरीत करावं लागतं. आळ्यापासून कळंबपर्यंत हे काम करणारे गेणूनाना एकटेच उरले होते. घरोघरी लहान चक्क्या आल्या, एकेक गिरणी बंद पडली. नानांनी कळंबातली आपली गिरणी मात्र वयाच्या बहात्तराव्या वर्षीही चालू ठेवली होती.

इंद्रायणी मंचरची. लग्नांचे फोटो काढून पोट भरायची आणि मोकळ्या दिवशी नानांकडे यायची. हे काम निदान फोटोंत तरी राहावं, असं तिला वाटायचं. नानाही हौसेनं दाखवायचे.

त्या दिवशी पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन नानांच्या चष्म्यावर चमकत होतं.

"नाना, जरा चष्मा काढता? डोळेच दिसत नाहीत."

"चष्म्याबिगर टाकीला बसू न्हाई, पोरी."

"दोनच घाव."

नाना हसले. चष्मा घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. दुसऱ्याच घावाला दगडाची कपची उडाली. नाना ओरडले नाहीत, फक्त उजव्या डोळ्यावर तळहात दाबून बसले. बोटांतून रक्त आलं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा गेला. बाकावर बसलेल्या नानांच्या पत्नी साळुबाई हळूच म्हणाल्या, "डावा तर धा वर्सामागंच गेला व्हता. ह्याच एका डोळ्यावर समदं चाललं व्हतं."

इंद्रायणीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नानांनी सगळ्यांना सांगितलं, चष्मा घसरून पडला. तिनं ते खोडून काढलं नाही.

दोन महिन्यांनी पुण्यातल्या एका प्रदर्शनानं तिचे फोटो निवडले. त्यांना मधोमध पहिल्या घावाला टिपलेला तोच फोटो हवा होता, चष्म्याविना उघड्या डोळ्यांचा. ती तडक कळंबला गेली. गिरणीला कुलूप होतं. साळुबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या.

"काकू, चष्मा मी काढायला लावला."

सूप थांबलं. "ठावं हाय मला. सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला घावला. घसरलेला चष्मा घडी घालून खिशात जातोय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून त्येंला दिसाया लागंल का?" त्यांनी पुन्हा सूप उचललं. "त्यो फोटू कुनाला दावू नगं. मला बी न्हाई."

इंद्रायणीनं प्रदर्शनाला नकार कळवला. बाकीचे फोटो छापून तिनं नानांच्या घरी आणून दिले. नाना भिंतीला टेकून बसले होते. साळुबाई एकेक फोटो हातात घेऊन सांगू लागल्या.

"ह्यात टाकी धरलीया तुमी."

"कशी? उभी का तिरपी?"

साळुबाईंना ते सांगता येईना. त्यांनी इंद्रायणीकडे पाहिलं.

"तिरपी," ती म्हणाली.

"किती तिरपी?" नानांनी हात पुढं केला.

तिनं त्यांच्या बोटांत पेन्सिल दिली आणि फोटोत होती तशी वळवून धरली. नानांनी मान हलवली. "न्हाई. अशी नसती. फोटूत न्हाई घावायचं त्ये." आणि पेन्सिल खाली ठेवली.