लाइट गेली तेव्हा मी पंपाला होतो

मी तीन पिनांचा प्लग बोलतोय. काळा, जाड, एका बाजूनं जरासा वितळलेला. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोंडपिपरीच्या अकरमभाईच्या दुकानातून पोचूभाऊंनी कूलर घेतला, त्याच्या वायरीला मी होतो. अकरमभाईनं बजावलं होतं, "भाऊ, पाणी भराच्या आधी हा काढाचा. लाइट असो का नसो." पोचूभाऊ हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं?

दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्यात नळाचं पाणी ओढणाऱ्या टिल्लू पंपाचा प्लग जळाला. नळ तर येऊन राह्यला होता. पोचूभाऊंनी मला कूलरवरून कापलं न् पंपाला जोडलं. कूलरच्या दोन उघड्या वायरी सॉकेटात खुपसून माचिसच्या काड्यांनी घट्ट केल्या. पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी हिरवी वायर तशीच लोंबत राहिली. "उद्या नवा आणतो," म्हणाले. तो उद्या महिनाभर चालला.

त्यांची बायको रुखमाबाई लाइट गेली की कूलर भरायची. इकडे पुष्कळजण तसंच करतात. लाइट गेली म्हणजे सगळं बंदच झालं, अशी समजूत. बटणाला कोण हात लावतो?

मे महिन्यातली दुपार. लाइट गेली. "गेलीच हाय तं भरून घेतो," म्हणत रुखमाबाईनं बादली उचलली. पाय ओले, एक हात कूलरच्या पत्र्यावर. मी मोरीजवळ पंपासोबत पडलो होतो. कूलरचा पंखा फिरल्याचा आवाज आला, मग बादली पडल्याचा. पोचूभाऊंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. रुखमाबाई तोवर गेली होती.

तेरवीनंतर अकरमभाईनं येऊन मला परत कूलरला जोडलं, हिरव्या वायरीसकट.  

आता पोचूभाऊंची मुलगी रीता पाणी भरते. लाइट असो नसो, आधी मला काढते, खिडकीच्या गजाला टांगते, मगच बादलीला हात लावते. बरोबर करते. पण भरून झाल्यावर ती मला लावतच नाही. घर तापून भट्टी होते. पोचूभाऊ घाम पुसत म्हणतात, "लाव ना बाई आता."

"राहू दे बाबा," एवढंच म्हणते, न् वहीनं वारा घेत बसते.

रीता, भरताना मला काढत जा. रोज काढ, विसरू नको. पण मग लाव गं. आता मी कूलरलाच आहे.