आरोळीची जागा

पहिलं कडवं

क्रेसेन्सियाबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. अंगणात लांबलचक टेबल, बकऱ्याच्या मटणाचा तिखट रस्सा, म्हणजे बिर्रिया, आणि बाईंनी फर्माईश केली ती बायको सोडून गेलेल्या माणसाच्या गाण्याची. वाढदिवसाला हे कसलं रडगाणं, असं कुणी म्हटलं नाही. रडवणार नसतील तर मारियाची, म्हणजे हे समारंभात गाणारे-वाजवणारे, बोलवायचे कशाला?

"दार मी उघडंच ठेवलंय..."

ओबदुलिया, बाईंची थोरली सून, पाहुण्यांना वाढत होती. वाजवणाऱ्यांच्या मागच्या रांगेत, जाडजूड गिटार पोटावर घेऊन, नाबोर उभा होता. टक्कल पडलेला. एकेकाळी तो हेच गाणं फक्त तिच्यासाठी म्हणायचा. मग तिनं एलाडिओशी लग्न केलं, कारण

ट्रम्पेट

दोन ओळींच्या मधे ट्रम्पेट वाजतो, तेव्हा आरोळी द्यायची. आय-आय-आआय! ज्याचं त्यानं आपलं दुःख त्यात घालावं, पण शेवट हसत करावा. दिरानं दिली. चुलतसासऱ्यांनी दिली. टेबल खूश.

(कारण नाबोरनं नुसती गाणी म्हटली. मागणी घातली ती एलाडिओनं.)

ध्रुवपद

"दार मी उघडंच ठेवलंय, तू येणार नाहीस हे ठाऊक असून..."

इथे ट्रम्पेट नाही. इथे गायक श्वास घेतो आणि सगळं अंगण गप्प राहतं.

त्या गप्प जागेत ओबदुलियाची आरोळी निघाली. सुरुवात बरी होती. मधेच ती फाटली, आणि शेवटी हसू यायला हवं होतं तिथे हुंदका आला.

वाजवणारे थांबले.

"वहिनी, गाढवाला पाणी पाजायचं राहिलं की काय?" धाकटी नणंद लिब्रादा म्हणाली. दोघं-तिघं हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. "कोण गेलं गं तुझं?"

तेव्हा तिनं करू नये ते केलं. नाबोरकडे पाहिलं.

नाबोर हसला. कुठल्याही समारंभात, कुणाही झिंगलेल्या पाहुण्याकडे पाहून वाजवणारे हसतात, तसा. मग त्यानं गायकाला भुवईनं विचारलं: पुढं घ्यायचं ना?

त्यानं तिला ओळखलंच नव्हतं.

आणि तिनं कुणाकडे पाहिलं, ते एलाडिओनं पाहिलं.

ट्रम्पेट (वाजला नाही)

एलाडिओ उठला. स्वतःच्या लग्नातसुद्धा ज्यानं तोंड उघडलं नव्हतं, तो हा माणूस. त्यानं छाती भरून घेतली आणि जी काही आरोळी दिली ती

"अरे बस खाली!" दीर ओरडला. "शेजारी म्हणतील, कोंबडं अर्धवट कापलं!"

"काय करणार," एलाडिओ वाकून म्हणाला, "आमच्या घरात दोघंही बेसूर. आई, आता सहन कर."

अंगण खो-खो हसलं. सासूबाईसुद्धा. लिब्रादानं डोळे पुसले. आता सगळे त्याचीच नक्कल करत होते, आणि बायकोचा हुंदका कुणाच्या लक्षातही उरला नव्हता.

शेवटचं कडवं

गाणं पुढं गेलं. एलाडिओ तिच्या शेजारी येऊन बसला. गायकाकडे पाहत राहिला, ओठांवर ते मघाचं हसू तसंच.

लोक हसले होते तेव्हा तिला लाज वाटली होती. पण आताच्या लाजेपुढे ती काहीच नव्हती.

तिनं टेबलाखाली त्याचा हात शोधला. सापडला. मूठ वळलेली होती. तिनं बोटं त्या मुठीवर ठेवली, गाणं संपेपर्यंत ठेवली. मूठ उघडली नाही.